बी शेहेचाळीस

आमच्या अकोल्याच्या दवाखान्यात वानखडे काका प्रत्येक आजाराचा कोड दोनदा वाचत. एकदा भरभर, एकदा सावकाश, आणि दुसऱ्यांदा वाचताना फाइलीतल्या नावावर बोट ठेवत. रेकॉर्ड रूममध्ये आम्हा दोघांचं काम तेच. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड द्यायचा आणि कॉम्प्युटरवर चढवायचा. काका त्याला नंबर म्हणत. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही, की चपला घालून थेट वॉर्डात. "कागदावर कायले बसून राहिली? जाय, माणूस पाऊन ये," असं मलाही म्हणत. दर्यापूरहून तेव्हा नवी नवी आलेली मी, तोंडाचा पट्टा सतत सुरू. त्यांच्या वाचण्याची नक्कलही करायची. एकदा त्यांनी मागून ऐकलं. "आवाज बराबर काढतं तू, पण दुसऱ्यांदा घाई करून राहिली," एवढंच म्हणाले आणि फाइल पुढे ओढली.

दुसऱ्या लाटेत काकांनाही कोरोना झाला. बरे होऊन कामावर आले. एका दुपारी डबा खाता खाता थांबले, गालाला हात लावला.

"डाव्या गालाले काईच समजून नाई राहिलं," म्हणाले.

माझा घास हातातच राहिला. त्या दिवसांत काळ्या बुरशीच्या फाइली रोज येत होत्या आणि बऱ्याच फाइलींत पहिली तक्रार हीच असायची. काकांनीही त्या वाचल्या होत्या. आम्ही दोघांनी डबे बंद केले.

दुसऱ्या दिवशी ते भरती झाले आणि त्यांची फाइल माझ्यापुढे आली. डॉक्टरांनी म्यूकर, म्हणजे तीच काळी बुरशी, असं स्वच्छ लिहिलं होतं. त्याचा कोड बी शेहेचाळीस, मला झोपेतही पाठ. पण ज्यांना ज्यांना मी शेहेचाळीस टाकला, त्यांतल्या कितीतरी जणांचा डोळा गेला होता, काही घरी परतलेच नव्हते. खोटं कशाला बोलू, मी भ्याले. मी बी एकोणपन्नास टाकला. बुरशी आहे, कोणती ते ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ. जणू मी लिहिलं नाही तर ती काकांना होणारच नव्हती! वॉर्डात गेले नाही, दोनदा वाचलंही नाही.

तेव्हा त्या बुरशीवरचं इंजेक्शन दुकानात मिळत नव्हतं. रोज चार वाजता आमच्या कॉम्प्युटरवरून शेहेचाळीसवाल्यांची यादी जिल्ह्याच्या ऑफिसात जाई, आणि यादीत नाव असेल त्यालाच इंजेक्शन येई. हे मला माहीत होतं. माहीत असून त्या दिवशी यादी तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंमत करून वॉर्डात गेले. काकांचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. अमरावतीहून आलेल्या काकू उशाशी बसल्या होत्या.

"बाजूच्याले इंजेक्शन आलं, मले नाई आलं," काका म्हणाले. "माया नंबर काय टाकला?"

मी उशाशीची पाण्याची बाटली सरळ करू लागले.

"बोल ना, पोरी!"

"एकोणपन्नास."

काकांनी चादर मुठीत धरली. इतक्या वर्षांत या माणसाला घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. 

"काहून?"

"भेव वाटलं, काका."

"भेव मले वाटू दे. तू नंबर बराबर टाक. जाय, पळ!"

पळाले. कोड बदलला, चारच्या यादीत नाव गेलं, दुसऱ्या दिवशी इंजेक्शन आलं. जीव वाचला. डोळा काढावा लागला. त्या एका दिवसानं फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. 

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी काका काकूंचा हात धरून रेकॉर्ड रूममध्ये आले. नोकरी सोडून अमरावतीला घरी निघाले होते. स्वतःची फाइल त्यांनी माझ्यापुढे ठेवली; सुट्टीच्या वेळचा शेवटचा कोड टाकायचा राहिला होता.

"टाक."

मी टाकला. उरलेला डोळा स्क्रीनला अगदी भिडवून त्यांनी भरभर वाचलं, "बी शेहेचाळीस." मग खुर्ची मागे सरकवली.

"आता दुसऱ्यांदा तू वाच."

मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं.  वाचलं, सावकाश.