नानांची नोकरी आणि आखाजीच्या गाण्यांची वही

माझ्या वडिलांना नोकरी लागली ती तोंड बंद ठेवल्याबद्दल.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. गोड गोड लिहायला सकाळपासून तीनदा बसले. जमलं नाही, म्हणून खरं लिहिते.

स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. नाना व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन म्हसावदहून तळोद्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागले. टेम्पररी. हेडमास्तरांनी शिफारस केली तर परमनंट, नाहीतर परत शेतात.

हेडमास्तर देशावरचे. वर्गात अहिराणीचा एक शब्द निघाला की पोराच्या हातावर छडी. म्हणे, अशुद्ध बोली.

आणि नानांकडे त्याच अशुद्ध बोलीतली एक वही होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली झोक्यावर बसून म्हणतात ती गाणी. नानांच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची. तिचं माहेर धानोऱ्याचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत सासरचा जाच तिने तिथल्या झोक्यावर गाऊन काढला होता. बरीचशी गाणी तिची स्वतःची. ती चुलीपाशी म्हणायची, नाना लिहून घ्यायचे.

हेडमास्तरांनी वही "जरा बघायला" मागून घेतली.

वर्षभराने पुस्तक आलं. पुठ्ठ्यावर हेडमास्तरांचं नाव. आतल्या पानावर: सर्व हक्क स्वाधीन.

नानांचं नाव प्रस्तावनेतसुद्धा नाही. ते विचारायला गेले, तर साहेब शांतपणे म्हणाले, "लोकगीतं आहेत ही. लोकांची असतात. त्यावर कुणा एकाचा हक्क कसा सांगणार?"

शिफारशीचा कागद टेबलावरच होता. सही व्हायची बाकी.

खरं तर चोरी पकडणं फार सोपं होतं. आमच्याकडे झोक्यावर गाताना जी ती आपल्याच भावाचं नाव घालते. आजीने घातलं होतं झिपरू, तिच्या भावाचं. साहेबांना हा रिवाज कुठला माहीत! त्यांनी खाली टीप दिली: झिपरू हा या प्रांतातील एखादा ग्रामदेव असावा.

ग्रामदेव तेव्हा धानोऱ्यात बैलांना पाणी पाजत होता.

ती एक टीप दाखवली असती तरी साहेबांची अब्रू गेली असती. नानांनी नाही दाखवली. पुढच्या महिन्यात परमनंटची ऑर्डर आली. त्या पगारावर आम्ही चार भावंडं शिकलो, त्यामुळे मला फार बोलायचा अधिकार नाही. तरी बोलते.

ऑर्डर घेऊन नाना घरी आले आणि आजीपुढे सगळा संताप ओकले. तिला वाचता येत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता एवढंच विचारलं,

"मास्तरनी तुन्हं नाव काढी टाकं. तू मन्हं लिखेल व्हतं का?"

वहीच्या पहिल्या पानावर नानांचं नाव होतं. फक्त नानांचं.

नाना म्हणाले, "गाना त समद्या बायास्ना शेतस, माय."

साहेब जे बोलले, तेच. महिन्याभराच्या आत.

त्यानंतर नाना घरात असले की आजी गात नसे. वही अर्धी कोरी राहिली.

हे मला नानांनी नव्वदी उलटल्यावर सांगितलं. परवा एका ग्रुपवर कोणीतरी आनंदाने टाकलं, की साहेबांना जाऊन साठ वर्षं झाली, पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं झालं, आता ही गाणी सगळ्यांची. मी ग्रुप सोडला.

नानांच्या शेवटच्या महिन्यात मी ती वही त्यांच्या मांडीवर ठेवली. पेन दिलं. म्हटलं, आता तरी तिचं नाव लिहा.

त्यांनी पेन उघडलं, आणि थांबले.

मी म्हटलं, सीताबाई लिहा की.

"ते लगीनमा ठेयेल नाव," नाना म्हणाले. "गाना धानोरानी पोरना शेतस."

मग तिचं धानोऱ्याचं नाव काय होतं?

नानांनी पेन वहीवर ठेवलं.

"झिपरूमामाले माहीत व्हतं. मी कधी इचारंच नही."

झिपरूमामा जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

पेन मीच बंद करून ठेवलं.

नाना, वर्ष झालं तरी राग गेलेला नाही. आठवणही रोज येते. नमस्कार करते.