कीचकाची बरगडी

चोऱ्या-दरोडे पुष्कळ पाहिले, पण एका हाडाच्या चोरीची ती घटना आजही मनातून जात नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी अमरावतीत ठाणेदार होतो. उन्हाळी सुट्टीत एका कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा रंगवायला काढली आणि व्हरांड्यात ठेवलेली देवमाशाची बरगडी नाहीशी झाली. चांगली पुरुषभर उंच. फिर्याद द्यायला आलेले प्राध्यापक निवृत्तीला टेकले होते.

"किंमत काय लिहू, सर?" हवालदाराने हसत विचारलं.

"निळा देवमासा आहे तो. तेलासाठी दक्षिणेच्या समुद्रात त्याची कत्तल चाललीय. उद्या एकही उरला नाही, तर आमच्या मुलांना दाखवायला एवढंच आहे. आता लिहा किंमत."

हवालदाराने रकाना कोराच ठेवला. जाता जाता प्राध्यापक म्हणाले, हाडात चरबी असते, दर वैशाखात ते तेल गाळतं. म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून मी तेही टिपून घेतलं.

काही दिवसांनी नांदगाव खंडेश्वरच्या बाजारातून खबऱ्या आला. "सायेब, तंबूत कीचकाची बरगडी आली. तिले घाम सुटून राह्यला. बाया तो घाम लेकराईच्या कपाळाले लावून राह्यल्या, अंगात बळ यावं म्हून."

भीमाने कीचकाला चिखलदऱ्याला मारलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. लोकांनी विश्वास ठेवला यात नवल नव्हतं. पण घाम म्हटल्यावर मी चमकलो. प्राध्यापकांना जीपमध्ये घातलं आणि निघालो.

तंबूवाला चलाख होता. "वडिलोपार्जित हाय, सायेब."

आरडाओरडा केला की माणूस सावध होतो. मी आपला भाविकासारखा विचारत राहिलो. "थंडीतही घाम सुटतो का रे?"

"थंडीतलं मले काय ठाव?"

"वडिलोपार्जित आणि एकही हिवाळा पाहिला नाहीस?"

रंगाऱ्यांची गडबड पाहून बैलगाडीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांखाली हाड घालून नेल्याचं त्याने कबूल केलं.

पंचनामा झाला, पण गर्दी हाड उचलू देईना. तान्ह्या पोराला कडेवर घेतलेली एक बाई पुढे आली. "मंग माह्या लेकराले कायचं तेल लावलं मी?"

"एका आईच्या अंगातलं. देवमाशाच्या," प्राध्यापक म्हणाले. "तिला दात नसतात. तोंडात झालरीसारखी गाळणी असते, तिच्यातून बारीक झिंगे गाळून खाते. गार समुद्रात पोटभर खाऊन चरबी साठवते आणि बाळंतपणाला उबदार पाण्यात येते. तिथे फारसं खायला मिळत नाही. त्या चरबीवरच पिलाला दूध पाजते."

"दूध पाजते? मंग मासा कायचा? मायच हाय ते." तिने पदराने हाड पुसलं. "इचं लेकरू?"

प्राध्यापकांनी हाडावर हात ठेवला. "मी शिकत होतो तेव्हा. कोकणात ती वाळूत येऊन मेली. पिलू बाहेर पाण्यात घिरट्या घालत होतं."

"वाचलं का?"

"माहीत नाही, बाई."

ती बाजूला झाली, मागची गर्दीही हटली. 

खटला संपल्यावर बरगडी कॉलेजात परत गेली आणि निवृत्त होऊन प्राध्यापक, ती जिथे वाळूत आली होती, कोकणातल्या त्याच गावी राहायला गेले. मला पेन्शन लागल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. ते फार थकले होते, तरी संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन बसले.

"दिसलं का कधी?" मी विचारलं.

"अजून नाही."

हरवलेल्या माणसांच्या तक्रारी मी नोकरीभर घेतल्या. चौकशी थांबते ती बहुधा पुरावा संपल्यामुळे नाही, विचारणारं कुणी उरत नाही म्हणून थांबते. हे मला खात्याने नाही, या प्रकरणाने शिकवलं. त्या संध्याकाळी पाण्यावर कुठे फवारा उडतो का, ते पाहत आम्ही दोघे बसून राहिलो. प्राध्यापक आता नाहीत. मी वऱ्हाडातला माणूस, समुद्राशी माझं नातं ते काय! पण दरवर्षी एकदा तिथे जातो, कारण त्या बेपत्ता पिलाची चौकशी आता माझ्याकडे आहे.