दोरीचं दुसरं टोक

त्या दिवशी मी जरा उशिराच, सकाळी साडेसहाला क्लबवर पोचले तेव्हा कोर्टावर रेघा मारलेल्या नव्हत्या. आदल्या दिवशीच्या, बुटांनी फिसकटलेल्या रेघा तशाच होत्या आणि मातीवर पाणीही मारलेलं नव्हतं. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मामांनी आज दांडी मारली वाटतं, आले की चांगली खेचते त्यांची, असं मनाशी म्हणत मी बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. "ताई, पप्पा गेले. झोपेतच." मी "बरं" म्हणाले. असल्या वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नाही. फोन ठेवला आणि राहिलेली नाडी बांधून पूर्ण केली...

अर्जुन कांबळे आमच्या परळच्या छोट्याशा क्लबात मार्कर होते. ज्याला जोडीदार मिळत नाही त्याच्याशी खेळायचं, नवख्याला शिकवायचं आणि कोर्टाची निगा राखायची, असं सगळं करणारा पगारी माणूस म्हणजे मार्कर. वडील गिरणीत, घर भोईवाड्याच्या चाळीत. विशीत रोलर ओढायला म्हणून आले आणि बघून बघून असे खेळायला लागले की क्लबातले भलेभले त्यांच्यासमोर घामाघूम व्हायचे. तरी सगळे त्यांना 'अर्जुन' म्हणायचे, कालची पोरंसुद्धा. मी 'मामा' म्हणायचे आणि ते मला 'ताई'. माझं टेनिस सुरू झालं ते डॉक्टरांनी साखरेचा धाक घातला म्हणून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. माटुंग्याच्या कॉलेजात शिकवून शिकवून मला एकाच गोष्टीची सवय झालेली, बोलण्याची. पहिल्या दिवशी मी प्रत्येक चेंडूमागे जीव खाऊन पळाले आणि दहा मिनिटांत कमरेवर हात ठेवून उभी राहिले. मामा जाळीपाशी आले. म्हणाले, "धावू नका, ताई. चेंडू कुठं पडणार ते बघायचं, आणि तिथं आधीच जाऊन उभं राहायचं." मला वाटलं, हे काय, सोपंच आहे. वीस वर्षं झाली, अजून जमलेलं नाही.

आमच्याकडे दोन कोर्टं, एक लाल मातीचं आणि एक सिमेंटचं. मातीच्या कोर्टावरच्या रेघा रोज चुन्याने माराव्या लागतात. एकाने ब्रश घेऊन वाकत जायचं आणि दुसऱ्याने खुणेवर दोरीचं टोक ताणून धरायचं. मी लवकर येते हे बघून मामांनी एकदा दोरीचं टोक माझ्या हातात दिलं, "टाइट धरा" म्हणाले, आणि ते काम मला कायमचं चिकटलं. नवऱ्याच्या आजारपणाचं वर्ष मी त्या दोरीला धरूनच काढलं, असं म्हटलं तरी चालेल. मामा फार बोलायचे नाहीत. दोरी अंगठ्याने एकदा छेडून बघायचे, ताण बरोबर असला की मान हलवायचे आणि वाकायचे. अर्ध्या तासात कोर्ट नव्या नवरीसारखं नटून तयार. काही सकाळी मी खेळायला नाही, त्या अर्ध्या तासासाठीच जात असे.

दोनेक वर्षांपूर्वी सिमेंटच्या कोर्टावर पिकलबॉल आलं. मधली जाळी काढून तिथे चार लहान जाळ्या लागल्या, पिवळ्या रंगाचे पट्टे आले आणि प्लास्टिकच्या भोकाभोकांच्या चेंडूचा टॉक-टॉक आवाज सुरू झाला. मला तो आवाज आजही आवडत नाही. कुणीतरी शेजारच्या खोलीत सारखी सुपारी फोडतंय असं वाटतं. त्यात माझी डबल्सची जोडीदार आठवड्याभरात तिकडे गेली. "गुडघे वाचतात गं," म्हणाली. लालबागच्या सावंतकाकू, वय पासष्ट, ज्यांनी जन्मात कधी बॅट धरली नव्हती, त्या गुडघ्याला पट्टा बांधून रोज हजर. त्या खेळात जाळीजवळच्या भागाला किचन म्हणतात आणि तिथे उभं राहून चेंडू हवेत मारायचा नसतो, हे कळल्यावर काकू आपल्या मालवणीत म्हणाल्या, "आयुष्य किचनात गेला, आता भायर उभ्या रवाक गावला!" सगळ्या हसल्या. मी नाही हसले. मला दिसत होतं की आज सिमेंट गेलं, उद्या माती जाणार. मग टेनिस कुठे खेळायचं, आणि मामांनी करायचं काय?

मी एक अर्ज लिहिला. 'टेनिस वाचवा' असं ठसठशीत शीर्षक, खाली दोन पानं भाषा, जी मला येते. सह्यांच्या रकान्यात पहिलं नाव मी स्वतःच घातलं ते मामांचं, आणि पुढे सहीला जागा सोडली. त्यांच्यासाठी लढतेय म्हटल्यावर विचारायचं काय त्यात, असं मला वाटलं. मामांनी उभ्याउभ्या दोन्ही पानं वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"ताई, माझं नाव खोडा."

"मामा, तुमच्या पोटाचा प्रश्न आहे हा. घाबरताय का कमिटीला?"

"खोडा तुम्ही."

मला राग आला. अंगाचा तिळपापड झाला म्हणा ना. आपण ज्याच्यासाठी भांडतो तोच पाठ फिरवतो, असं वाटून मी दुसऱ्या दिवसापासून उशिरा जायला लागले, रेघा मारून झाल्यावर. एकदा लोकलच्या वेळेच्या अंदाजात चूक झाली आणि लवकर पोचले, तर मामा एकटेच रेघ मारत होते. दोरीच्या दुसऱ्या टोकावर एक वीट ठेवली होती. रेघ सरळच येत होती, फक्त दर रेघेला ते वीट उचलायला पलीकडे जात आणि परत येत. मी फाटकातूनच परत फिरले आणि चहा प्यायला गेले. ते मला अजून लागतं.

महिन्याभराने वार्षिक सभेत मी अर्ज वाचायला उभी राहिले. सेक्रेटरी नाडकर्णी, ज्यांच्याशी मी त्या काळात बोलतही नव्हते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, पिकलबॉल आणा हे मला कुणी सुचवलं, माहितीये? अर्जुनने." त्याआधी सिमेंटच्या कोर्टावर कुणी खेळत नव्हतं. पाला पडायचा आणि कधीमधी कुणाचे पापड वाळायचे. कमिटीने तिथे मेंबरांच्या गाड्या लावायचं जवळजवळ ठरवलं होतं. ते कानावर येताच मामा वरळीला एका इमारतीच्या गच्चीवर जाऊन तो खेळ बघून आले होते, स्वतःच्या टेपने मोजमापं घेऊन, आणि कागद नाडकर्णींच्या टेबलावर ठेवला होता. वर म्हणाले होते, "साहेब, गिरणीत पण आधी एकच खातं रिकामं झालं होतं. माझे वडील म्हणायचे, आपलं खातं चालू आहे ना, मग झालं. गाड्या एकदा आत आल्या की मातीवर पण येतील. माणसं खेळत असली तर नाय येणार. कुठला का खेळ असंना."

चेंडू पडायच्या आधीच मामा तिथे जाऊन उभे होते, आणि मी आपली दोन पानं घेऊन धावत होते.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच गेले. वीट उचलून बाजूला ठेवली, दोरीचं टोक धरलं. मामांनी दोरी छेडली, मान हलवली. दोन रेघा झाल्यावर मला राहवेना. "मला का नाही सांगितलंत, मामा?" ते वाकलेलेच होते. "तुम्ही विचारलं कुठं, ताई? सही मागितली."

पुढे ते हसले म्हणून मला रडता तरी आलं.

मामांचं सगळंच खरं ठरलं असं नाही. माझी जोडीदार काही परत आली नाही. सकाळी मातीवर कधी कधी आम्ही दोघं-तिघंच असतो आणि पलीकडे चारही जाळ्या भरलेल्या. टेनिस राहील की नाही, मला ठाऊक नाही. मामांना विचारलं की म्हणायचे, "जातील थोडे, येतील थोडे. कोर्ट तयार ठेवायचं." पण फाटक उघडं आहे, गाड्या बाहेर आहेत, आणि गेली दोन वर्षं मी लाल मातीवर खेळले ती त्यांच्या कृपेने. या माणसाने मला खेळ दिला, वाईट वर्षात सकाळ दिली आणि माझं फार बोलणं थोडं कमी केलं. एवढं कुणी कुणाला देत नाही.

भोईवाड्याच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, मग बोलायला सांगितलं तर मला चार वाक्यंही धड बोलता आली नाहीत. मागच्या रांगेत पिकलबॉलच्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या. निघताना प्रज्ञाने एक पिशवी हातात दिली. आत चुन्याचा ब्रश होता आणि गुंडाळलेली दोरी. "पप्पा घरी आणून धुवायचे," ती म्हणाली. दोरी खरंच स्वच्छ होती.

ती मी काल कोर्टावर नेली. खुणा सापडल्या, चुना कालवला, पण दुसरं टोक धरायला कुणी नाही. वीट कुंपणाशी पडलेली होती, तिला हात लावावासा वाटेना. तेवढ्यात सावंतकाकू आल्या, पिशवी ठेवली आणि न विचारता टोक धरलं. "टाइट धरा," मी म्हणाले. दोरी अंगठ्याने छेडली आणि वाकले. रेघ मारून झाली. पहिलीच, त्यामुळे जराशी वाकडी. काकू कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. "गो बाय, एवढ्या सगळ्या कोर्टात धावूचा लागता?"

"धावायचं नाही, काकू," मी म्हणाले. "चेंडू कुठे पडणार ते बघायचं, आणि तिथे आधीच जाऊन उभं राहायचं."

आणि मग मला पुढचं काही दिसेना. चुन्याचा हात डोळ्यांना लावता येईना, म्हणून तशीच उभी राहिले... काकूंनी टोक सोडलं नव्हतं.

"फुडची रेघ खंय मारूची?" त्या म्हणाल्या.