गोड पाणी

आमच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई हळू बोलतात. प्रत्येक वाक्यामागे ‘हो की नाय?’ विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. पाणी जपून वापरण्याचा धडा आला की त्या पुस्तक मिटतात आणि मुलांना घरच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणायला सांगतात. मग एकेक घोट डोळे मिटून जिभेवर घोळवतात. त्या ‘गोड!’ म्हणेपर्यंत वर्गात कुणी श्वास सोडत नाही.

मी शेजारच्या वर्गावर मराठी शिकवतो. यंदा शिमगा सरल्यावर मोकळ्या तासाला मीही त्यांच्या वर्गात जाऊन गमतीने घरच्या पाण्याची बाटली पुढे केली. आमचं घर समुद्राला लागूनच आहे. बाईंनी घोट घेतला, पण डोळे उघडेनात.

“सर, वाडीत बोअर मारल्यात काय?”

“सगळ्यांनीच मारल्यात. आम्हीपण.”

त्या मुलांकडे वळल्या. “आपण खालचं गोड पाणी उपसत राहिलो, की समुद्र आत सरकतो. हो की नाय?”

या वेळी मात्र त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘मचूळ’, आणि उरलेला तास खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

घरी गेल्यागेल्या मी कळशीतलं पाणी तांब्यात घेऊन आईला दिलं, बायकोला दिलं.

“कसं लागतंय?”

“गोड. का हो?” बायको म्हणाली. आईनेही मान डोलावली.

बाईंना मचूळ लागलेलं ते पाणी मलाही गोडच लागलं होतं.