पार्किंगमधलं वुर्झबुर्ग

गुरुनाथ हसबनीस मूळचे माण नदीच्या काठचे. त्या नदीला वर्षातले आठ महिने पाणी नसतं, पण तिकडच्या माणसांच्या बोलण्यात ती कायम दुथडी भरून वाहते. गुरुनाथरावांनी हा ताठा सोबत घेऊन शिकागोजवळचं शॉमबर्ग गाठलं आणि एका विमा कंपनीत सत्तावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासलं. दुसऱ्याने केलेलं काम कुठे मोडेल ते आधी शोधायचं, त्याची यादी करायची, आणि यादीतली शेवटची ओळ पास झाल्याशिवाय सही करायची नाही. हे सगळं ऑफिसात राहिलं असतं तर त्यांच्या बायकोची, शोभनाबाईंची, तक्रार नव्हती. पण त्यांच्या घरी नवा कुकरसुद्धा तीन वेळा रिकामा शिजला, मग त्यात भात पडला.

२००६ सालचा मे महिना होता. त्यांची लेक सलोनी जर्मनीत वुर्झबुर्गला राहत होती. चार वर्षांपूर्वी तिने तिथल्याच मथियासशी लग्न केलं. गुरुनाथराव लग्नाला गेले नाहीत, जावयाशी फोनवरही एक शब्द बोलले नाहीत.

"मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत आमच्यात," ते सांगायचे.

"मग बाटली घेऊन चला," शोभनाबाई म्हणायच्या.

फेब्रुवारीत सलोनीला मुलगा झाला आणि ते कारण संपलं. बाळाचं नाव जर्मन कागदावर चढलं, पण पाळण्यात घालून कानात सांगायचं राहिलं होतं. तुम्ही दोघं आल्याशिवाय बारसं नाही, असं सलोनीने कळवलं. बाळ वाढत होतं. पाळणा आखूड पडायची वेळ आली होती.

तेव्हा गुरुनाथरावांना भाड्याची गाडी सुचली. "फ्रँकफर्टला उतरायचं, गाडी घ्यायची, आणि लेकीच्या दारात स्वतः हाकत जायचं. जावयाने न्यायला यायचं नाही."

"तिकडे गिअरच्या गाड्या देतात. तुम्ही आयुष्यात हाकली ती बैलगाडी, आणि इथली ऑटोमॅटिक."

"म्हणून तर आधी टेस्ट करायची."

टेस्ट घरच्या गाडीत चालणार नव्हती, कारण ती गाडी त्यांना ओळखत होती. दर शनिवारी सकाळी ते एक परकी गाडी भाड्याने आणत. तिला क्लच नव्हता, म्हणून डावा पाय हवेत दाबत. गिअर म्हणून दोन सीटांच्या फटीत उलथनं खोवत. मॉलचं पार्किंग म्हणजे फ्रँकफर्टचा विमानतळ, हिगिन्स रोड म्हणजे हायवे, आणि पलीकडच्या पार्किंगमधलं बंद पडलेलं फर्निचरचं दुकान म्हणजे सलोनीचं घर. शोभनाबाई शेजारी बसून जर्मन पाट्या मोठ्याने म्हणत. यादीत एकशे बारा ओळी होत्या. दर शनिवारी काहीतरी फेल व्हायचं. एकदा धुक्याची टेस्ट फेल झाली, कारण धुकंच पडलं नाही. तिकिटं अर्थातच काढलेली नव्हती.

सातव्या शनिवारी दुकानासमोर पोचल्यावर सिक्युरिटी गार्डने काचेवर टकटक केली. म्हातारा, सभ्य माणूस होता. दर आठवड्याला वेगळ्या गाडीतून येऊन बंद दुकानाकडे टक लावून का बसता, असं त्याने विचारलं.

"गुटन टाग," गुरुनाथरावांनी जर्मनमध्ये नमस्कार केला. प्रवासात इंग्रजी बोलायचं नाही, हा नियम होता.

"कुठे निघालात, सर?"

"वुर्झबुर्ग."

गार्डने वाकून पलीकडे पाहिलं. "मॅडम, यांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," शोभनाबाई म्हणाल्या. "फक्त जर्मनीत आहेत. पाच मिनिटांत परत येतील."

गार्डने बराच विचार केला. मग त्याने उलथन्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता निघून गेला.

गुरुनाथरावांनी यादी काढून 'परक्या देशात चौकशी' या ओळीवर खूण केली. शोभनाबाईंनी कागद हातातून घेतला आणि प्रथमच शेवटपर्यंत वाचला. एकशे अकरा ओळींवर खुणा होत्या, काही पास, काही फेल. शेवटची ओळ होती, 'दारावरची घंटा वाजवणे.' तिच्यापुढे सातही आठवडे कोरे होते.

"ही कधी केलीत?"

"ती... ती तिथे गेल्यावर."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सलोनी होती.

"बाबा, कुठे आहात?"

एक पाय हवेतल्या क्लचवर, हात उलथन्यावर, समोर सात आठवडे पाहिलेलं दार. गुरुनाथरावांच्या तोंडून गेलं, "आलो. दारातच आहे."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावरून धावत उतरणारी पावलं. किती मजले होते कुणास ठाऊक, पावलं संपेनात. तिच्या कडेवर बाळ कुरकुरत होतं, ते शोभनाबाईंनाही ऐकू आलं. एक जड दार उघडलं. रस्त्यावरून सायकल घंटी वाजवत गेली.

"बाबा, इथे कुणीच नाहीये."

पार्किंगच्या डांबरावर ऊन तापलं होतं आणि त्या बंद दुकानाच्या काचेत एक म्हातारा करड्या गाडीत बसलेला दिसत होता.

"बाबा? खरंच वाटलं मला. मी चपलासुद्धा नाही घातल्या."

शोभनाबाई फोन घेऊन काही सावरून घेणार होत्या. एकशे अकरा ओळींचं सावरून घ्यायची त्यांना सवय होती. या वेळी त्यांनी हात मांडीवरच ठेवले.

"मथियास घरात आहेत का?" गुरुनाथरावांनी शेवटी विचारलं.

पलीकडे पावलं पुन्हा जिना चढली. मग फोन हातातून हातात गेला. गुरुनाथरावांनी घसा खाकरला आणि साध्या इंग्रजीत, अडखळत, एका दमात विचारलं, "आम्हाला विमानतळावर न्यायला याल का?"

"येईन ना," जावई म्हणाला. "कोणत्या दिवशी?"

गुरुनाथरावांनी बायकोकडे पाहिलं.

"गुरुवार सांगा," शोभनाबाई म्हणाल्या. "तिकिटांचं मी बघते."