विमलताईंनी दिलेली कर्जं

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणारच्या स्टँडवर मेहकरच्या गाडीची वाट पाहत होतो. झोपेतच गेल्या म्हणे. आता महिना होत आला... पण त्यांची आठवण आली की रडू येत नाही, हसूच येतं.

डोणगावच्या आमच्या पतसंस्थेत त्या व्यवस्थापक, मी कारकून. गावात कुणाकडे डिझेल इंजिन, ट्रॅक्टर नाहीतर मोटारसायकल आली, की कर्जावर बहुधा ताईंचीच सही असायची. मोठ्या बँकेनं दारातून परत पाठवलेल्या माणसाला त्या बसायला खुर्ची द्यायच्या. कोरडं शिवार ओलिताखाली आलं, गावातल्या मुली कॉलेजात जाऊ लागल्या. ताईंना त्याचा अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

मग एका हिवाळ्यात आम्ही गुलाबराव या सभासदाच्या शेतात गेलो. आजूबाजूच्या विहिरींवर इंजिनं धडधडत होती, धूर हरभऱ्यावर पसरून राहिला होता. गुलाबरावांची बायको खोकतच चहा घेऊन आली. ताई कप हातात धरून धुराकडे पाहत म्हणाल्या, "सुभाष, हा सारा धूर आपल्याच कर्जाचा हाय न रे?"

"मंग काय कर्ज बंद करता, ताई?"

"बंद काऊन? कर्ज थांबलं तर मानूस थांबते. कशाले द्याचं, थे बदलू."

सौरपंपासाठी कर्ज द्यायचं त्यांनी मनावर घेतलं. संचालक बिचकले. पंप चालला नाही तर सभासदाचं पीक जाईल आणि संस्थेवरचा विश्वासही. म्हणून ताईंनी पहिला पंप स्वतःच्या शेतात बसवला. बघायला गाव लोटलं आणि नेमकं आभाळ भरून आलं. धार करंगळीएवढी! लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं ताई हसल्या. "ढगाले कर्ज देता येत नाही, बाप्पा! उद्या या."

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. पाटात धार अशी कोसळली, की गुलाबराव चपला काढून पाण्यात उभेच राहिले. पहिला अर्ज त्यांचाच आला. मग एकेक करत बरीच इंजिनं बंद झाली. सगळी नाही, ट्रॅक्टर तर वाढलेच. ताई म्हणायच्या, "होईन हळूहळू."

कर्ज मागायला येणाऱ्याला त्या आधी एकच विचारायच्या, "हे कायच्यावर चालते?" आता ती सवय मला लागली आहे. परवा एक बाई पिठाच्या गिरणीसाठी आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "उनावर चालते जी. ताईनं मले मांगंच इचारलं होतं."