धोंड्याच्या वाणाची मोटरबोट

जावयाने सासरी तोंड कशासाठी उघडावं, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. जेवायला उघडावं आणि ‘पुरे, पुरे’ म्हणायला उघडावं. मी तिसऱ्याच कामाला उघडलं.

अधिक महिना होता, भर उन्हाळ्यात आलेला. आम्ही त्याला धोंड्याचा महिना म्हणतो. तीन वर्षांनी येतो, आणि तो आला की लेक-जावयाला बोलावून, पुरणाचे धोंडे खाऊ घालून, वर जावयाला वाण म्हणून काहीतरी देतात. माझे सासरे धरणाच्या काठी राहतात. थोडी जमीन, पुष्कळ शेळ्या. मी त्यांना मामा म्हणतो. धाकट्या जावयाने आदल्याच आठवड्यात अंगठी घेतली होती, हे बायकोने बीडपासून सासुरवाडीपर्यंत मला तीनदा सांगितलं होतं.

पाचवा धोंडा पोटात गेल्यावर मामांनी विचारलं, “बोला जावईबापू, काय घेता?”

मला मोठं मन दाखवायची हुक्की आली. समोर गोठा होता. गोठ्यात कडबा होता. कडबा एका जुन्या मोटरबोटीत होता आणि तिच्या दोन्ही बाजूंनी शेळ्या माना घालून जेवत होत्या.

“काही नको मामा,” मी म्हणालो. “द्यायचंच असेल तर ती बोट द्या.”

आता मामा हसतील, बाकीचे हसतील, ‘गुरुजी लई साधे’ असं म्हणतील, आणि मग अंगठी निघेल, असा माझा हिशेब. तुपाची वाटी घेतलेला बायकोचा हात माझ्या ताटावर तसाच थांबला.

मामा हसले नाहीत. “दिली,” म्हणाले. मग गोठ्याकडे बघून, “शेळ्यांना गव्हाण कशाची करावी मग?”

ती बोट मामांच्या एका चुलतभावाने आणली होती. धरणात लोकांना फिरवायचं, असा त्याचा बेत. लोक आले, पण त्यांना बोटीत बसून फोटो काढायचे होते, आणि त्यासाठी बोट काठाला बांधलेलीच बरी होती. पुढे तो भाऊ वारला. बोट शेळ्यांकडे आली आणि मोटर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली.

“चालू होईल का हो ती?” मामांनी हात धुता धुता विचारलं.

“न व्हायला काय झालं? तरंगण्याचा नियम मी बावीस वर्षं शिकवतोय.”

हे दुसऱ्यांदा तोंड उघडणं. मामा तसेच उभे राहिले. हातावरचं पाणी निथळत होतं.

“मग नागपंचमीला मी अक्काला आणायला जातो,” ते म्हणाले. “मुराळी म्हणून.”

मामांची ही थोरली बहीण पलीकडच्या काठाला दिलेली. धरण व्हायच्या आधी दोन्ही गावांच्या मधे नुसती शेतं होती, आणि दर पंचमीला मामा पायी जाऊन मुराळीपण करायचे, म्हणजे बहिणीला माहेरी घेऊन यायचे. धरण झालं आणि पाण्याला वळसा घालून जायचं म्हटलं की निम्मा दिवस गाडीत. आता अक्कांच्या मणक्यात गॅप निघालेला. डॉक्टरने गाडीचे हादरे बंद सांगितलेले, आणि आमच्या रस्त्यांवर हादरे वगळले तर रस्ता उरत नाही. चार वर्षं अक्का माहेरी आल्या नव्हत्या. पाण्यावर मात्र खड्डे नसतात.

“पंचमीला नक्की,” मी म्हणालो. बायकोने वाटीतलं सगळं तूप माझ्या ताटात ओतलं. ते प्रेमाने नव्हतं.

नंतरचे सगळे रविवार माझे सासुरवाडीला गेले. पहिल्या रविवारी बोट गोठ्यातून ओढून बाहेर काढली. संध्याकाळी शेळ्या चरून आल्या आणि रिकाम्या जागेभोवती गोल उभ्या राहून माझ्याकडे बघू लागल्या. बावीस वर्षांत कुठल्या वर्गाने माझ्याकडे इतकं टक लावून बघितलेलं नाही.

बोट कुठे फुटली आहे ते शोधायला मी बॅटरी घेऊन तिच्याखाली शिरलो, खडूने खुणा केल्या, वहीत आकृती काढली. मामा तासभर बघत बसले. मग म्हणाले, “जावईबापू, जरा सरका.” त्यांनी बोटीत आठ घागरी पाणी ओतलं. सात ठिकाणी ठिबकायला लागलं. “जिथनं भाईर येतंय तिथनंच आत येणार की.” माझ्या खुणा त्या सातांपैकी एकाही जागी नव्हत्या.

बीडला पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एकाकडून फायबरचं कापड, चिकट रस आणि तो रस कडक करणारं औषध आणलं. औषध थेंब-थेंब घालायचं असतं. पंचमी जवळ आली म्हणून मी जरा सढळ हाताने घातलं. कालवलेला रस गरम झाला, मग धुरायला लागला, आणि ज्या डब्यात कालवला होता तो बसकण मारून जमिनीला चिकटला. डबा सासूबाईंच्या मिरचीपुडीचा होता. सासूबाई जावयाला काही बोलत नाहीत. त्या दिवशीच्या आमटीत मात्र तिखट नव्हतं, आणि का नाही ते त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं.

मोटरीसाठी गावातला वायंडिंगवाला मिस्त्री बोलावला. तो विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटरींत तार भरून देतो.

“ही पेट्रोलची आहे,” मी म्हणालो.

“पाण्यात बसती ना सर? मग आपलीच हाय.”

गोणपाट सोडलं तर आत उंदरांचं दोन पिढ्यांचं कुटुंब. त्यांची सोय दुसरीकडे झाल्यावर मिस्त्रीने सगळं खोललं, धुतलं, बसवलं. दोन स्क्रू उरले. ते त्याने माझ्या खिशात टाकले. “जादाचे देतेत कंपनीवाले.” मग मोटर पाण्याने भरलेल्या टिपाडात उभी केली आणि तो दोरी ओढायला लागला. “चल बे. चल की बे. कावून रुसलीस?” विसाव्या हिसक्याला ती जी चालू झाली, तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत टिपाडातलं सगळं पाणी माझ्या अंगावर, म्हशीवर आणि सासूबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर वाटून दिलं. मामा मात्र खुशीत. त्यांनी त्याच दिवशी पटका धुवायला काढला.

पहिल्यांदा पाण्यात ढकलली तेव्हा बोट मागच्या बाजूने भरायला लागली. तिथे एक गोल भोक होतं. ते मी मुद्दाम बुजवलं नव्हतं. इतकं व्यवस्थित गोल भोक कंपनीनेच पाडलेलं असणार आणि त्याला काहीतरी कारण असणार, असा माझा शास्त्रीय विचार. कारण होतं. आतलं पाणी काढायचं ते भोक, आणि एरवी त्याला बूच असतं. मामांनी धोतर वर खोचून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचं बुरकूंड ठोकून बसवलं. ते अजून तिथेच आहे.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. मामा पटका बांधून पुढे बसलेले, माझ्या कमरेला सासूबाईंनी पाठवलेली ट्रॅक्टरची ट्यूब. बायको काठावर उभी. ती वडिलांना म्हणाली, “आबा, पवता येतंय ना अजून?” मला विचारलं नाही.

आणि बोट चालली! खोटं कशाला सांगू, माझ्याच डोळ्यात पाणी आलं. अर्ध्या तासात पलीकडच्या काठाला. अक्का नऊवारी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, पहाटेपासून काठावर बाजेवर येऊन बसलेल्या. मामांना बघून एवढंच म्हणाल्या, “चार वर्सं लावलीस की रं यायला.”

त्यांना तिथल्या चौघांनी बाजेसकट उचलून बोटीत ठेवलं. बसल्या बसल्या त्यांनी नाकाला पदर लावला. “घाण वास येतुया रं कशाचा.”

पेट्रोलचा वास होता. अक्कांना त्रास नको म्हणून मी टाकीचं झाकण गच्च आवळलं. झाकणाच्या डोक्यावर एक चिमुकला स्क्रू होता, तोही आवळला. आणि निघालो. धरणाच्या बरोबर मध्यावर मोटर दोनदा उचकी लागल्यासारखी करून बंद पडली.

मी दोरी ओढली. मिस्त्रीसारखं ‘चल बे’ म्हणून बघितलं. शेवटी तळातली फळी उपसली आणि वल्हवायला लागलो. उरलेलं पाव तासाचं पाणी, मला अडीच तास लागले. हाताला फोड आले, ट्यूब काखेत काचत होती, आणि मनात एकच की मणक्याची बाई उन्हात बसवून ठेवली.

त्या दोघांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मोटर बंद झाली तशी त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला लागलं होतं.

“अक्के, इथं आपली हीर हुती बघ.” मामा पाण्याकडे बोट दाखवत होते.

“हितं कुठली? ती तिकडं. तुला कवाच दिशा कळली न्हाई.”

“मग चिंच?”

“चिंचंवरनंच तू पडलतास की. मी पाठीवर आणलं तुला, आन् मार मीच खाल्ला.”

“मार तू चिंचा लपवल्यास म्हणून खाल्लास.”

खाली काहीही दिसत नव्हतं. ते दोघं मात्र बांध ओलांडल्यासारखे एकेक शेत ओलांडत होते, आणि प्रत्येक बांधावर भांडत होते. मला एकदा वाटलं, काठ आल्याचं त्यांना सांगूच नये. पण फोड फुटायला लागले होते.

काठावर बायको सकाळच्याच जागी उभी होती. आत्याचा हात धरून तिने उतरवून घेतलं आणि मला म्हणाली, “ट्यूब काढा आता.”

पंचमी झाली. अक्का झोक्याशेजारी बाज टाकून बसल्या आणि फेर धरणाऱ्या पोरींच्या चुका काढत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, टाकीच्या झाकणावरचा तो चिमुकला स्क्रू दोन बोटांनी सैल केला आणि एका हिसक्यात मोटर चालू केली. टाकीच्या आत वारा शिरला नाही तर पेट्रोल उतरत नाही, असं त्याने मला समजावलं. हवेचा दाब हा धडा मी आठवीला शिकवतो. मिस्त्रीने हे अख्ख्या गावाला सांगितलं, त्यात घरचेही आले.

रात्रीच्या जेवणाला मी मान खाली घालून बसलो होतो. अक्कांना आठ दिवसांनी परत सोडायचं होतं. बायको वाढायला आली, भाकरी ताटात टाकली आणि हसू दाबत म्हणाली, “आबांचा निरोप हाय. आत्याला सोडायला तुमीच चला म्हणायलेत. निघताना तेवढा तो बारका स्क्रू आवळून घ्या.”